आजोबांची पेटी उघडताय? आधी थांबा! (साहेब आणि लेखक असलेल्या माणसाचे घरातले कागद कसे लावायचे)

अण्णा म्हणजे माझे आजोबा. महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटले आणि प्रांत म्हणून रिटायर झाले, सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यात नाहीतर शेजारच्या धुळे-नगरला, आणि रात्री जेवण झालं की कथा लिहायचे. दिवाळी अंकात बऱ्याच छापून आल्या, दोन पुस्तकं आली, आता दोन्ही मिळत नाहीत. जुन्या नाशकातला वाडा बिल्डरला दिला तेव्हा त्यांच्या तीन पत्र्याच्या पेट्या आणि गोणपाटात बांधलेलं एक बोचकं आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आलं. आत्या म्हणाली रद्दीवाल्याला बोलव, आई म्हणाली राहू दे, आणि मी म्हणाले मी लावते सगळं. तिथेच घोळ झाला. तो घोळ आणि त्यानंतर चारेक वर्षांत जे शिकले ते लिहितेय, कारण असं बोचकं नाशकात अजून बऱ्याच घरांच्या माळ्यावर पडलेलं असणार. मामलेदार, शिक्षणाधिकारी, न्यायाधीश, पोस्टमास्तर आणि शिवाय लेखक, अशी माणसं आपल्याकडे कमी नव्हती.

पहिला दिवस: काहीच करू नका

खरंच काही करू नका. मी काय केलं ते सांगते. पहिल्याच रविवारी पेटी उघडली, आत सुतळीने बांधलेले गठ्ठे होते, प्रत्येकावर रंगीत चिठ्ठी. मी सुतळ्या कापल्या, चिठ्ठ्या टाकून दिल्या, सगळे कागद हॉलभर पसरले आणि तारखेप्रमाणे लावले, १९५० चे इकडे, १९६० चे तिकडे. संध्याकाळी इतकं छान वाटलं की फोटो काढून स्टेटसला ठेवला.

दोन महिन्यांनी बाजूच्या बिल्डिंगमधले काका आले चहाला, ते कलेक्टर ऑफिसमधून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गठ्ठे किती होते गं?" म्हटलं सहा. ते कप खाली ठेवून म्हणाले, "अगं पोरी, सहा गठ्ठे म्हणजे सहा गठ्ठा पद्धत! प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश... आम्ही ऑफिसात टेबलावर असेच लावायचो. तुझे आजोबा घरी पण तसंच लावत होते, आणि तू ते मोडलंस."

म्हणजे बघा, अण्णांनी कथांचे मसुदे, संपादकांची पत्रं, घरची पत्रं सगळं ऑफिससारखं लावलेलं होतं. संपादकाचं उत्तर यायचंय ते प्रतीक्षाधीन, अर्धी कथा प्रलंबित. कुठली कथा त्यांच्या मते अर्धी होती आणि कुठली पूर्ण, हे फक्त त्या गठ्ठ्यांवरून कळलं असतं. कागद सगळे आहेत माझ्याकडे, पण ती माहिती गेली. बरं नशीब इतकंच की मामेभावाने पेटी उघडल्या उघडल्या एक फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला होता, त्यात वरचे दोन गठ्ठे दिसतात, त्यावरून तेवढे परत जुळवले. बाकीचे चार गेले.

म्हणून पहिलं काम मोबाईलने फोटो. पेटी बंद असताना, झाकण उघडल्यावर, प्रत्येक थर उचलण्याआधी, प्रत्येक गठ्ठा सोडण्याआधी, चिठ्ठ्यांचा वेगळा. पाकिटं आणि पत्रं वेगळी करू नका, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का ही कधीकधी एकमेव तारीख असते. पुस्तकात ठेवलेला कागद निघाला तर कुठल्या पुस्तकात कितव्या पानाजवळ होता ते लिहा. आणि तारखेप्रमाणे लावायचा मोह झाला तर सरळ उठून चहा करा. तारखेचा क्रम यादीत एक्सेलवर कधीही लावता येतो, माणसाने लावलेला क्रम एकदा मोडला की परत येत नाही.

कधी, कुठे, कशावर

पावसाळ्यात हे काम काढू नका. आपल्याकडे दिवाळी झाली की हवा कोरडी होते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले दिवस. पांढरी धुतलेली चादर टेबलावर घाला, पंखा बंद, हात साबणाने धुऊन कोरडे. कापडी हातमोजे घालून कागद हाताळतात ते सिनेमात, प्रत्यक्षात मोज्यात पानाचा कोपरा कळत नाही आणि पान फाटतं, मोजे फक्त फोटोंना ठीक. मास्क मात्र घालाच, चांगला एन-९५, जुन्या धुळीत बुरशी असते आणि मला पहिल्या आठवड्यात चांगलाच खोकला झाला होता.

सामान फार लागत नाही. मऊ ब्रश, २बी पेन्सिल, पातळ प्लॅस्टिकची पट्टी, हॅण्डमेड कॉटन पेपर आणि मांजरपाट. मेन रोडला सगळं मिळून जातं. कागदपत्रं कापडात बांधायची आपली जुनी रीत, दप्तर किंवा रुमाल म्हणायचे त्याला, ती आजही चांगली आहे, हवा खेळते आणि धूळ बसत नाही. फक्त नवीन मांजरपाट दोनतीनदा गरम पाण्यात धुवा, कारण त्याला खळ असते आणि खळ म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण.

काय नको ते पण सांगते: सेलोटेप, फेव्हिकॉल, स्टेपलर, रबरबँड, आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. आमच्याकडे अण्णांचं एक सत्काराचं मानपत्र कुणीतरी प्रेमाने लॅमिनेट करून ठेवलंय, आता कागद आतल्या आत तपकिरी होतोय आणि बाहेर काढता येत नाही.

टाचण्या, आणि शाया

सरकारी माणसाचा कागद म्हणजे टाचणी आलीच. गंजलेली टाचणी ओढायची नाही. कागद सपाट ठेवा, प्लॅस्टिकच्या पट्टीचा छोटा तुकडा टाचणीखाली सरकवा, दुसरा तुकडा मागच्या बाजूने, मग टाचणी हळू मागे न्या, कागदाला तिचा स्पर्शच होत नाही. एका टाचणीला तीन मिनिटं लागतात, आमच्याकडे साधारण चारशे निघाल्या, आईने त्यांची बरणी का भरून ठेवलीय ते तिलाच माहीत. जे कागद एकत्र टाचलेले होते ते हॅण्डमेड पेपरच्या एका घडीत एकत्रच राहतील हे बघा, टाचणी गेली तरी जोडी राहिली पाहिजे. ट्रेझरी टॅग (कागद ओवायची दोरी) असेल आणि भोकं फाटलेली नसतील तर राहू द्या. वितळून चिकटलेला रबरबँड ब्लेडने खरवडू नका, वाळला की आपोआप सुटतो, थोडा डाग राहील तो राहू दे.

शाईच्या बाबतीत एकच नियम, पाणी नको. ओल्या फडक्याने डाग पुसायला गेलात तर फाउंटन पेनची अक्षरं निळा ढग होतात. जुन्या ऑफिसात कॉपिंग पेन्सिल असायची, कोरडी असताना साध्या पेन्सिलीसारखी दिसते आणि थेंब पडला की जांभळी, ती तर फारच फसवी. कार्बन कॉपीचे पातळ कागद एकमेकांवर घासू देऊ नका. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळ्या पाकिटात, त्यातला कागद लवकर पिवळा पडतो आणि शेजारच्या पत्रालाही डागाळतो. कात्रण चुरा होत असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ठेवा, मजकूर तरी राहील.

कसर, वाळवी, बुरशी आणि गंगेचा (म्हणजे गोदावरीचा) पूर

डांबराच्या गोळ्या लोक मूठभर टाकतात. वास येतो, डोकं दुखतं, आणि कसरीची अंडी तशीच राहतात. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला, ओला पाला ठेवला की बुरशी. किडे जिवंत असतील तर उपाय म्हणजे डीप फ्रीझर: गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायचा, घरच्या उणे १८ च्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर बाहेरचा दमटपणा थेट कागदावर बसतो. फोटोंच्या काचा आणि निगेटिव्ह मात्र फ्रीझरमध्ये नको. आईला हे पटवायला मला बराच वेळ लागला, शेवटी कैऱ्यांचा सीझन नव्हता म्हणून जागा मिळाली.

पत्र्याची पेटी माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, दिवसा तापते, रात्री आतून घाम फुटतो. कपाट भिंतीपासून चारपाच इंच लांब, आणि खालचा कप्पा रिकामा. जे सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटीच्या बाजूला राहतात त्यांना तर सांगायलाच नको, २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये पाणी दुकानात शिरलं तेव्हा नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं एवढंच सगळे बघत होते. कागद पहिल्या मजल्याच्या वरच ठेवा. भिजलेच तर ओले कागद सोडवायला जाऊ नका, उन्हात घालू नका, इस्त्री तर नाहीच. सावलीत, पंख्याच्या हवेत (झोत थेट नको), कोऱ्या टीपकागदाच्या घड्यांमध्ये. दोन दिवसांत वाळले नाहीत तर बुरशी धरते, तेव्हा ढीग मोठा असेल तर जेवढं जमेल तेवढंच वाळवायला घ्या आणि उरलेलं पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, मग सवडीने थोडं थोडं काढा.

यादी, म्हणजे खरं काम

हे कंटाळवाणं आहे आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक कागदाला नंबर: पेटी, गठ्ठा, कागद. नंबर पेन्सिलीने, मागच्या बाजूला, खालच्या उजव्या कोपऱ्यात, हलक्या हाताने. पेनाने नाही, स्टिकर नाही. यादीत कोणी लिहिलं, कोणाला, तारीख, किती पानं, कशावर लिहिलंय, काय अवस्था आणि दोन ओळीत विषय. तारीख नसेल तर अंदाज लिहा पण अंदाज आहे असं लिहा.

सगळे कागद एकेक करून लिहायला वेळ नसेल तर आधी नुसती गठ्ठ्यांची यादी करा, प्रत्येक गठ्ठ्याला चार ओळी. अर्धी राहिलेली बारीक यादी कुणाच्या उपयोगाची नाही, पूर्ण झालेली ढोबळ यादी आहे.

माझ्या यादीतली एक नोंद जशीच्या तशी देते:

पे१-ग३-का१२. मस्टरचा छापील कोरा फॉर्म, मागे कथेचा मसुदा, पेन्सिल, १ पान, तारीख नाही, अंदाजे १९७३. घडीवर फाटलेलं. डाव्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने "ड".

१९७२ च्या दुष्काळात अण्णा सिन्नरकडे दुष्काळी कामांवर होते, खडी फोडायची केंद्रं, हजेरीची मस्टर, सुकडीचं वाटप. दिवसभर मस्टर तपासायचे आणि रात्री त्याच्याच कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर खडी फोडणाऱ्या बाईची कथा लिहायचे. छापील पुस्तकात ती कथा वाचली तर नुसती कथा, फॉर्मवर वाचली की अंगावर येते. म्हणून कागदाच्या दोन्ही बाजू स्कॅन करा, "मागे काही नाही, नुसता फॉर्म आहे" असं म्हणून सोडू नका.

आणि तो "ड". मला वाटलं काहीतरी कथेचा क्रमांक. काकांनीच सांगितलं, महसूलच्या रेकॉर्डची वर्गवारी असते: "अ" म्हणजे कायम ठेवायचं, "ब" तीस वर्षं, "क" दहा वर्षं, "ड" एक वर्ष आणि मग नष्ट. अण्णांनी ही अक्षरं घरच्या कागदांवरही घातली होती. कथांचे बहुतेक सगळे मसुदे "ड". संपादकांची पत्रं "क". आणि आजीने माहेराहून, म्हणजे येवल्याहून पाठवलेली पोस्टकार्डं, ज्यात पापड किती झाले आणि धाकट्याचा ताप उतरला का एवढंच आहे, ती सगळी "अ".

"ड" वाले एक वर्षाने फाडायचे होते. एकही फाडलेला नाही.

म्हणून अशी खूण दिसली की अर्थ कळो न कळो, यादीत आहे तशी उतरवा. त्या खात्यात नोकरी केलेलं कुणीतरी शोधा आणि चहाला बोलवा, पुस्तकात हे सापडत नाही.

तारखा आणि मोडी

१९५० च्या आधीचे कागद असतील तर मोडी निघण्याची शक्यता दाट. मोडी येत नाही म्हणून रद्दीत टाकू नका, पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, आणि शिकलेली पोरं आपल्याकडे आहेत. फसली सन (महसुलाचं जुनं वर्ष) दिसला तर इसवी सन काढायला साधारण ५९० मिळवा, शके असेल तर ७८. सरकारी पत्रांवर २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय शकाची तारीखही यायला लागली, चैत्र ८ वगैरे, ती तिथीवाल्या पंचांगाची नाही, गोंधळू नका. पोस्टकार्डावरची किंमतही काळ सांगते. तसं बघायला गेलं तर त्यातली कितीतरी कार्डं आपल्याच नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली, गावोगाव फिरून परत नाशकात आलेली.

स्कॅन

लिहिलेला मजकूर ३०० डीपीआय, फोटो ६००, रंगीतच, कारण निळी पेन्सिल काळ्यापांढऱ्यात करडी दिसते. फाईलचं नाव म्हणजे यादीतला नंबर, "अण्णा पत्र नवीन फायनल २" असलं नाही. मोबाईलने करायचं तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, आणि अ‍ॅपचा तो कागद पांढराशुभ्र करणारा फिल्टर बंद. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात. आणि स्कॅन झालं म्हणजे मूळ टाकून द्यायचं नाही, हे आत्याला अजून पटलेलं नाही.

कायदा, थोडक्यात पण वाचा

पत्र तुमच्याकडे आहे म्हणजे कागद तुमचा, पण मजकुराचा कॉपीराइट ज्याने लिहिलं त्याचा किंवा त्याच्या वारसांचा. १९५७ च्या कायद्याने लेखकाच्या हयातीत छापलेल्या मजकुरावर लेखक वारल्यानंतर साठ वर्षं तो राहतो, आणि हयातीत न छापलेला मजकूर नंतर छापला तर छापल्यापासून साठ वर्षं. म्हणजे एखाद्या मोठ्या कवीचं अण्णांना आलेलं पत्र फेसबुकवर टाकायच्या आधी त्या घरच्यांना विचारायचं. अण्णांनी लिहिलेली पत्रं उलट दुसऱ्यांच्या घरी आहेत, ती मागून निदान फोटो तरी घ्या, नाहीतर संवादाची एकच बाजू राहते.

घरात मूळ सरकारी फाईल निघाली, म्हणजे कार्यालयाचे शिक्के, आवक-जावक क्रमांक, टिपणी असलेली, तर ती तुमची नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा २००५ चा आहे, आणि गुप्त शेरा असेल तर १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा. त्या कार्यालयाला पत्र लिहून परत करा, पोच घ्या. स्वतःची नेमणूक, बदली, पेन्शनचे आदेश यांच्या प्रती मात्र घरच्याच.

कुठे द्यायचं

घरी कायम ठेवणं शक्य असेल तर ठेवा, पण पुढच्या पिढीत कोण बघणार हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारा. आपल्याकडे सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ, पुण्याला १९१० साली राजवाड्यांच्याच पुढाकाराने निघालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेख, दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागार आणि तीन मूर्तीचं पंतप्रधान संग्रहालय, जिथे खासगी कागदपत्रांचा मोठा साठा आहे. माझं मत विचाराल तर आधी जवळची जागा बघा, नाशिकच्या माणसाचे कागद बघायला नाशिकच्या पोराला दिल्लीला जावं लागू नये.

दुसऱ्याने नीट लावून छापलं की काय होतं याचं उदाहरण आपल्याच गावात आहे. कलेक्टर जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी गोळी घातली, तो संस्कृत जाणणारा होता आणि लोकसमजुतींची माहिती गोळा करत होता, गावोगावच्या मास्तरांना प्रश्नावली पाठवून. ते कागद त्याच्या मागे एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने हातात घेतले आणि १९१४-१५ मध्ये दोन खंड काढले, गुजरात आणि कोकण. माणसाबद्दल काय वाटायचं ते वाटो, मास्तरांनी लिहून पाठवलेलं मात्र वाचलं. आणि घरच्या कागदांना कमी लेखू नका, न्यायमूर्ती रानडे १८७८ साली नाशिकला बदलून आले, ते घरात कसे होते हे आपल्याला त्यांच्या पत्नी रमाबाईंनी लिहिलं म्हणून कळतं, कोर्टाच्या दप्तरातून नाही.

संस्थेत जाताना यादी घेऊन जा, पेटी नाही. मी एका ठिकाणी पेटीच घेऊन गेले होते, त्यांनी ठेवून घेतली, पावती "नंतर देतो" म्हणाले, आणि ती परत आणायला अकरा महिने लागले. आधी विचारायचं: यादी किती दिवसांत लागेल, कोण बघू शकेल, स्कॅनची प्रत आम्हाला मिळेल का, नको असलेले कागद परत देणार की रद्दीत घालणार, आणि कॉपीराइट देतोय की नुसते कागद. हे सगळं दानपत्रात लिहून, दोन साक्षीदार, दोन्हीकडे सही.

डायऱ्यांचं वेगळं. अण्णांच्या डायऱ्यांत कोणी किती पैसे मागितले, कोणाच्या जमिनीच्या केसमध्ये कोणाचा फोन आला, सगळं नावानिशी आहे, आणि त्यातली काही माणसं, त्यांची मुलं इथेच कॉलेज रोडला फिरायला भेटतात. अशा वेळी पानं फाडू नका, काळी शाई फिरवू नका. सीलबंद करून द्या आणि दानपत्रात वर्ष घाला, त्या आधी उघडायचं नाही म्हणून. आम्ही २०५० घातलंय.

दोन पेट्या गेल्या वर्षी दिल्या. देताना तिथल्या बाईंनी यादी बघून विचारलं, मसुद्यांवर हे "ड" आहे, म्हणजे हे काढून टाकायचे का? मग दानपत्रात शेवटी एक कलम हाताने लिहून घातलं, कोपऱ्यातली निळी अक्षरं खोडू नयेत आणि त्यांची अंमलबजावणीही करू नये. काकांनी साक्षीदार म्हणून सही केली, आणि सवयीने खाली तारीख-वेळ घातली.